झाकणाची मूस आणि उघडे ट्रे : जड तेलासाठी झिओलाइट उत्प्रेरक बनवतानाचं एक प्रकरण

(व्यक्ती, युनिट आणि ग्राहक ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. रसायनशास्त्र मात्र जसंच्या तसं आहे.)

पार्श्वभूमी

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतलं हे लहान युनिट. मूळ धंदा ॲल्युमिनाच्या गोळ्या आणि ओलावा शोषणारे डेसिकंट बनवण्याचा. मालक मेकॅनिकल इंजिनिअर, वडिलांनी सुरू केलेला कारखाना चालवणारे. प्रयोगशाळेत एम.एस्सी. झालेली एक केमिस्ट. भट्टीवर जुने ऑपरेटर, सगळे त्यांना मामा म्हणतात. मिक्सर, एक्स्ट्रुडर, ट्रे ड्रायर, विजेवर चालणारी ट्रेची भट्टी आणि एक छोटा बॉयलर असा सगळा पसारा.

गुजरातमधल्या एका ग्राहकाने विचारणा केली. जड तेल हलकं करण्याचा पायलट प्लँट त्याने उभा केला होता आणि त्यासाठी वाय झिओलाइटवर आधारित उत्प्रेरक हवा होता. (झिओलाइट म्हणजे सिलिका आणि ॲल्युमिनियमच्या जाळीचा, सूक्ष्म भोकांचा स्फटिक; वाय ही त्याची एक जात.) आधी प्रयोगशाळेतला नमुना, तो पसंत पडला तर ड्रमभर माल, पुढे जमलं तर टनांत.

तेलाचा जडपणा एपीआय अंशांत मोजतात; आकडा जितका लहान तितकं तेल जड. २२.३ अंशांच्या खाली ते जड, आणि १० अंशांच्या खाली गेलं की ते पाण्यातही बुडतं. त्यात अस्फाल्टीनचे अवाढव्य रेणू असतात, गंधक-नत्र असतं आणि निकेल, व्हॅनेडियम हे धातूही असतात. हे मोठे रेणू तोडून डिझेल-पेट्रोलच्या मापाचे करायचे, तर आम्लधर्मी उत्प्रेरक लागतो. वाय झिओलाइट त्यासाठी प्रसिद्ध आहे. त्याची दारं सुमारे ०.७४ नॅनोमीटरची, आतली पोकळी १.२ ते १.३ नॅनोमीटरची. पेट्रोलियम धंद्यात फॉजॅसाइट जातीचे झिओलाइट (वाय त्यातलाच) १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आले आणि त्याआधीचे सिलिका-ॲल्युमिनाचे उत्प्रेरक पाहता पाहता मागे पडले.

बाजारातून येतं ते सोडियम-वाय. त्यात सोडियम ऑक्साइड सुमारे १३ टक्के. सोडियम असेपर्यंत आम्लता नाही आणि उष्णता सोसण्याची ताकदही कमी. म्हणून ८० अंशांच्या आसपास अमोनियम क्षाराच्या द्रावणात ढवळून सोडियम काढायचं. अमोनियम नायट्रेटचा विचार मालकांनी पहिल्या दिवशीच सोडला. २०१२ च्या अमोनियम नायट्रेट नियमांखाली साठवणुकीचा परवाना लागतो, आणि एवढ्याशा कामासाठी ती कटकट कोण घेणार? क्लोराइडने स्टीलच्या टाक्या खराब होतात. राहिलं अमोनियम सल्फेट. खताच्या दुकानाची ओळख असलेल्या गावात ते नवं नव्हतं, फक्त शुद्ध प्रतीचं घ्यावं लागलं.

पहिल्या फेऱ्यांत सोडियम ३-४ टक्क्यांवर येऊन अडतं. उरलेलं छोट्या पिंजऱ्यांत बसलेलं असतं, तिथे अमोनियम पोचत नाही. मग पावडर भाजायची, म्हणजे आतलं सोडियम जागा सोडतं. पुन्हा एकदा अमोनियम द्रावण, आणि सोडियम ०.५ टक्क्याच्या खाली. शेवटी स्यूडोबोहमाइट हा ॲल्युमिनाचा बाइंडर थोड्या नायट्रिक आम्लात मुरवून त्यात ही पावडर मळायची, एक्स्ट्रुडरमधून दीड मिलिमीटरच्या कांड्या काढायच्या, वाळवायच्या, भाजायच्या.

प्रयोगशाळेतला नमुना उत्तम निघाला. ग्राहकाने ड्रमांची ऑर्डर दिली.

अडचण

ड्रम गेले ते ऐन पावसाळ्यात. ग्राहकाचा निरोप आला तो असा : पहिल्या फेरीत उत्प्रेरक ठीक चालला, त्यावर साचलेला कोक, म्हणजे कोळशासारखा थर, जाळून तो पुन्हा ताजा केला, आणि त्यानंतर तो जवळजवळ मेला. नमुन्याच्या बाबतीत असं झालं नव्हतं.

इथे पहिला निर्णय घ्यायचा होता. ‘तुमच्या रिॲक्टरचं तापमान हाताबाहेर गेलं असेल’ असं उत्तर देऊन हात झटकणं सोपं होतं, आणि ते अगदीच खोटंही ठरलं नसतं. स्थिर थरात, म्हणजे उत्प्रेरक एका जागी भरून ठेवलेल्या रिॲक्टरमध्ये, कोक जाळताना गरम डाग पडतातच. पण मालकांनी राखून ठेवलेली पिशवी आणि परत आलेला माल दोन्ही तपासायला पाठवायचं ठरवलं. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात एक्सआरडीची, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना तपासण्याची, सोय आहे. कुपवाडहून तासा-दीड तासाचा रस्ता. मला बोलावलं गेलं ते अहवाल वाचायला.

न वापरलेल्या मालातच स्फटिकता अर्ध्याच्या आसपास घसरलेली होती. म्हणजे भानगड ग्राहकाकडे सुरू झालीच नव्हती. माल इथून निघतानाच अर्धा ढासळलेला होता.

कोणावर संशय घेतला

पहिला संशय पाण्यावर गेला, आणि तो रास्त होता. कारखान्यात बोअरचं पाणी वापरतात. उसाला वर्षानुवर्षं पाटपाणी पाजलेल्या या पट्ट्यात बोअरचं पाणी किती जड असतं हे कोणाला सांगायला नको. झिओलाइट तर पाण्यातलं कॅल्शियम ओढूनच घेतो. धुण्याच्या पावडरीत तो घालतात तो याचसाठी. प्रयोगशाळेत डिस्टिल्ड पाणी, प्लँटमध्ये बोअरचं. चोर सापडला असं सगळ्यांना वाटलं.

केमिस्टने सोडियम आणि कॅल्शियम मोजून घेतलं. त्यासाठी लांब जावं लागलं नाही, कारण ऊसपट्ट्यातल्या माती परीक्षण प्रयोगशाळेत फ्लेम फोटोमीटर असतोच. सोडियम हवं तेवढं खाली होतं. कॅल्शियम सापडलं, नको तेवढं सापडलं. तरी ते कारण पटेना. कॅल्शियमने काही आम्लस्थानं अडतील, क्रियाशीलता कमी होईल. पण कॅल्शियम घेतलेला वाय झिओलाइट असा निम्मा कोसळत नाही. डीएम, म्हणजे क्षार काढलेल्या, पाण्याचा प्लँट बसवायचं ठरलं, ते योग्यच झालं. मात्र तपास तिथे थांबवला असता तर पुढचा मालही परत आला असता. खरा दोष सापडला म्हणजे तोच आपला दोष असं नसतं.

दुसरा संशय नायट्रिक आम्लावर. बाइंडर मुरवताना आम्ल जास्त पडलं तर ते झिओलाइटमधलं ॲल्युमिनियम खेचून काढतं. पण आम्लाचं प्रमाण प्रयोगशाळेत आणि प्लँटमध्ये एकच होतं.

सुटका झाली ती केमिस्टच्या एका सवयीमुळे. कोणी सांगितलं नसताना तिने मधल्या टप्प्यांचा थोडा थोडा माल बरण्यांत भरून ठेवला होता. त्या बरण्या कोल्हापूरला गेल्या. पहिल्या अमोनियम फेरीनंतरचा माल उत्तम. पहिल्या भाजणीनंतरचा बिघडलेला. आणखी एक खूण होती. नमुन्याचा युनिट सेल, म्हणजे स्फटिकाच्या जाळीतल्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या घराचं माप, २४.६५ अँगस्ट्रॉमवरून आकसून २४.५ च्या जवळ आला होता. प्लँटच्या मालाचा फारसा आकसलाच नव्हता.

भट्टीतला फरक

तापमान तेच, ५५० अंश. वेळही तोच. कृतीच्या कागदात फरक शोधून सापडत नव्हता. केमिस्टने मामांना विचारलं, माल ट्रेवर कसा घालता?

“पातळ पसरायचा, ताई. बोटाच्या पेराएवढा. वर एक्झॉस्ट चालू. जाड टाकला तर मधलं कच्चं राहतंय.”

मामांचं बरोबर होतं. डेसिकंट असंच भाजतात, आणि इतकी वर्षं त्यात काही बिघडलं नव्हतं. केमिस्टने मात्र प्रयोगशाळेत पावडर पोर्सिलेनच्या मुशीत दाबून भरली होती आणि वर झाकण ठेवलं होतं, कारण पावडर उडत होती. कृती लिहिताना तिने तापमान लिहिलं, तास लिहिले. झाकण लिहायचं तिला सुचलं नाही; ते लिहिण्यासारखं काही आहे असं कोणालाच वाटलं नसतं.

हा फरक जुना आहे. मोबिल कंपनीचे जॉर्ज केर यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात दाखवून दिलं होतं की अमोनियम-वाय खोल थरात भाजला तर एक पदार्थ मिळतो आणि उथळ थरात भाजला तर दुसराच. ओल्या झिओलाइटमध्ये वजनाच्या जवळपास चौथा हिस्सा पाणी असतं. थर खोल असला, वर झाकण असलं, तर तापताना हे पाणी वाफ होऊन मालातच कोंडून राहतं. ही गरम वाफ जाळीतलं थोडं ॲल्युमिनियम बाहेर काढते. मोकळ्या झालेल्या जागांत सिलिका सरकून बसते. जाळी किंचित आकसते, ॲल्युमिनियम विरळ होतं आणि झिओलाइट पक्का होतो. धंद्यात यालाच यूएसवाय, म्हणजे अल्ट्रास्टेबल वाय म्हणतात. जाताजाता त्यात काही नॅनोमीटरपासून वीस-तीस नॅनोमीटरपर्यंतची मोठी भोकंही पडतात, आणि जड तेलाला ती उपयोगाची असतात.

उथळ थर, वर खेचणारा एक्झॉस्ट, वाफ निघून जाते. अमोनिया उडतो आणि मागे एचवाय, म्हणजे वायचं हायड्रोजन रूप, उरतो : आम्लता भरपूर, ॲल्युमिनियम भरपूर, पण जाळी नाजूक. भट्टीतून निघताना तो ठीकही दिसतो. मग त्याला दमट हवा लागते, तो पाणी ओढतो, पुन्हा तापवला की ढासळतो. जुलैतली सांगली, उघडे ट्रे, दुसऱ्या फेरीची वाट पाहत रात्रभर पडलेला माल. उरलेलं काम ग्राहकाच्या रिॲक्टरने केलं. कोक जळताना पाण्याची वाफ तयार होतेच.

पर्याय

बैठकीत पर्याय बरेच मांडले गेले, आणि सगळे सारख्या वजनाचे नव्हते.

पहिला मालकांच्या एका नातेवाइकांचा. सातारा बाजूला त्यांची खडीची खाण आहे. काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत निघणारे पांढरे, गुलाबीसर चकाकते खडे ते टोपलीभर घेऊन आले. “हाही झिओलाइटच ना? फुकटचा आहे.” होय, झिओलाइटच. दख्खनचा बेसॉल्ट स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट यांसाठी जगभर ओळखला जातो. पण ह्यूलँडाइटची जाळी साडेतीनशे अंशांच्या पुढे टिकत नाही, स्टिल्बाइटचीही तीच रड. भोकं वायपेक्षा अरुंद, त्यात लोह आणि कॅल्शियम. पाचशे अंशांवर चालणाऱ्या रिॲक्टरला त्यांचा काही उपयोग नाही. चांगला स्फटिक असेल तर संग्राहक त्याला उत्प्रेरकापेक्षा जास्त भाव देतील, हे मात्र मी त्यांना सांगितलं.

दुसरा पर्याय झेडएसएम-५ या दुसऱ्या कृत्रिम झिओलाइटचा. तो फार टणक, पण त्याची भोकं ०.५५ नॅनोमीटरच्या आसपास. एलपीजी, प्रोपिलीन वाढवायला जोडीला घालतात. एकट्याने जड तेलाचं काम त्याच्याकडून व्हायचं नाही.

खरी निवड उरलेल्या दोनांत होती. तयार यूएसवाय विकत घेऊन फक्त बाइंडर घालून कांड्या काढायच्या, किंवा स्वतः वाफेची भाजणी बसवायची. विकतच्या मालात नफा जवळपास संपत होता, पण वेळेत माल देता येत होता. स्वतःच्या भाजणीत भट्टी, बॉयलरची जोडणी, अमोनिया पाण्यात धुऊन काढणारा स्क्रबर, सगळंच आलं. केमिस्टचा आग्रह स्वतः करण्याचा. मालक हिशेबाच्या वहीवरून नजर उचलत नव्हते.

मी दोन्ही करा म्हणालो, पण एकाच वेळी नव्हे. ग्राहकाला आधी विकतच्या यूएसवायचा माल द्या आणि ‘आमच्या भाजणीत दोष निघाला’ हे लेखी कळवा. भाजणीचं काम मागून, ग्राहकाच्या तारखेचं ओझं न घेता. मालकांना लेखी कबुली नको होती. शेवटी ते तयार झाले, कारण दुसऱ्या मालाचा युनिट सेल वेगळा का, हे ग्राहकाने विचारलंच असतं.

काय केलं

उष्णता सोसणाऱ्या स्टीलच्या झाकणाच्या पेट्या करून घेतल्या. एमआयडीसीत फॅब्रिकेटरची वानवा नाही. बॉयलरची वाफ बारीक नळीने पेटीच्या तळाशी सोडली. निघणारा वायू पाण्याच्या स्क्रबरमधून गेला, नाहीतर शेजारचा कारखाना अमोनियाच्या वासाने दारात आला असता.

पहिल्या पेटीत वरचा आणि तळाचा माल एकसारखा आला नाही. मामांचं म्हणणं इथे खरं ठरलं : मधलं कच्चं राहिलं होतं. भट्टीचा आकडा ५५० दाखवत होता तेव्हा थराच्या पोटातलं तापमान बरंच मागे होतं. थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, मालाच्या मधोमध खुपसलं आणि वेळ त्याच्यावरून मोजायला सुरुवात केली. अमोनिया निघेपर्यंत सावकाश, मग वाफ चालू ठेवून वर चढणं. भाजून झालेला माल उघडा ठेवायचा नाही, कोमट असतानाच ड्रम बंद. सल्फेट धुऊन गेलं का हे बेरियम क्लोराइडच्या थेंबाने पाहायचं. पाणी गढूळ झालं तर अजून एक धुणं.

आणि स्वीकृतीची कसोटी बदलली. फक्त सोडियम आणि पृष्ठफळ यांवर माल पास करायचा नाही. युनिट सेल पाहायचा, आणि थोड्या मालाला साडेसातशे अंशांवर वाफ देऊन स्फटिकता किती टिकते तेही पाहायचं. ग्राहकाच्या रिॲक्टरमध्ये जे होणार ते आधी आपल्याकडे व्हावं, एवढाच त्यामागचा विचार.

निकाल

विकतच्या यूएसवायचा माल आणि नंतर स्वतःच्या भाजणीचा माल, दोन्ही कोक जाळूनही टिकले. प्रश्न मिटला असं वाटत असतानाच ग्राहकाची दुसरी तक्रार आली : कोक फार होतो, फेरी लवकर थांबवावी लागते.

यात भाजणीचा दोष नव्हता. ऑर्डर घेताना कोणी न विचारलेले दोन प्रश्न आता पुढे आले. तेलात धातू किती? आणि रिॲक्टर कसला? धातूंचा अहवाल मागवला तर व्हॅनेडियम चांगलंच निघालं. कोक जाळताना व्हॅनेडियमचं ऑक्साइड होतं, वाफेच्या संगतीत त्याचं आम्ल बनतं आणि ते झिओलाइटची जाळी खातं. निकेल हायड्रोजन काढून घेऊन कोक वाढवतं. रिॲक्टर स्थिर थराचा. १९३७ मध्ये सन ऑइलच्या मार्कस हुक रिफायनरीत यूजीन हूद्री यांनी स्थिर थर आलटून पालटून चालवले, पण थोड्याच वर्षांत, १९४२ मध्ये, फ्लुइड क्रॅकिंग, म्हणजे बारीक उत्प्रेरक वायूबरोबर वाहता ठेवण्याची पद्धत, आलं ते उगाच नाही. तिथे तेल आणि उत्प्रेरकाची गाठ काही सेकंदांची असते आणि कोक सतत जाळला जातो.

शिवाय कांड्यांत झिओलाइट निम्म्याहून जास्त होतं. मालकांनी ते गुणवत्तेचं लक्षण म्हणून ग्राहकाला अभिमानाने सांगितलं होतं. पण अस्फाल्टीनचा रेणू ०.७४ नॅनोमीटरच्या दारात शिरतच नाही, तो बाहेर अडकतो आणि कोक होतो. उसाची अख्खी मोळी चरकात जात नाही, आधी तिचे तुकडे करावे लागतात. इथे तुकडे करायचं काम भोवतालच्या क्रियाशील ॲल्युमिनाचं. फ्लुइड क्रॅकिंगच्या उत्प्रेरकातही झिओलाइट बहुधा १५ ते ४० टक्केच असतो. प्रमाण उतरवून पाव हिश्शाच्या जवळ आणलं, मोठ्या भोकांचा ॲल्युमिना वाढवला. कोक कमी झाला, पुरेसा नाही.

ग्राहकाने शेवटी स्वतःचाच मार्ग बदलला. तेल आधी निर्वात ऊर्ध्वपातनात घालायचं, वर येणारं गॅस ऑइल तेवढं उत्प्रेरकावरून न्यायचं. धातू आणि अस्फाल्टीन तळाला राहतात, तो भाग डांबरात जातो. त्या गॅस ऑइलवर हाच उत्प्रेरक चांगला चालला. ऑर्डर मिळाली, पण टनांची नव्हे.

वेगळं काय करता आलं असतं

कृती लिहिताना तापमान आणि तासांबरोबर थराची जाडी, झाकण, हवा कुठून येते आणि कुठे जाते हे लिहायला हवं होतं. त्याहून महत्त्वाचं, पहिला प्लँटचा घाणा मामा आणि केमिस्ट यांनी एकत्र भट्टीसमोर उभं राहून करायला हवा होता. दोघांपैकी कोणी चुकलं नाही. दोघांनी एकमेकांचं काम पाहिलं नव्हतं. मधल्या टप्प्यांच्या बरण्या आता नियमाने ठेवतात, तारखेसह.

ऑर्डर घेताना तेलाचा अहवाल मागितला असता, म्हणजे घनता, कार्बन रेसिड्यू (तापवल्यावर मागे राहणारा कोळसा), निकेल, व्हॅनेडियम, नत्र, तर झिओलाइटचं प्रमाण पहिल्याच दिवशी कमी ठरलं असतं. कदाचित स्थिर थर या तेलाला झेपणार नाही हेही ग्राहकाला तेव्हाच सांगता आलं असतं. यावर मालकांशी माझं एकमत नाही. त्यांच्या मते इतके प्रश्न विचारणाऱ्या छोट्या पुरवठादाराकडे ग्राहक पुन्हा येत नाही. अनुभवाने ते तसं बोलतात, आणि मी त्यांना खोडून काढू शकलो नाही.

एक गोष्ट अजून लोंबकळते आहे, ती धुण्याच्या पाण्याची. त्यात अमोनियम सल्फेट असतं, आणि बदल्यात निघालेलं सोडियम सल्फेटही. नत्र आहे, गंधक आहे, उसाला सोडून देऊ, अशी सूचना आलीच. केमिस्टने ती तिथल्या तिथे बाजूला केली. कृष्णाकाठच्या जमिनी आधीच क्षारपड होत चालल्या आहेत, त्यात आपण आणखी सोडियम ओतायचं? सध्या दुसऱ्या फेरीचं पाणी पहिल्या फेरीला वापरून ताज्या अमोनियम सल्फेटची गरज आणि सांडपाणी दोन्ही कमी केलं आहे. उरलेल्यासाठी बाष्पीभवकाची कोटेशन्स आली आहेत. ती परवडली तरच मालक टनांच्या ऑर्डरीमागे लागणार आहेत.